मेदपायस (शिरेवाटे) : देण्याचा सुरक्षित वेग

तोंडाने किंवा नळीने पुरेसे अन्न देता येत नाही अशा रुग्णाला शिरेतून पोषण देतात. त्यातील दुधासारखा पांढरा स्निग्ध द्रव म्हणजे मेदपायस. वॉर्डात त्याला नुसते ‘लिपिड’ म्हणतात. ते उष्मांक पुरवते, शिवाय शरीराला स्वतः बनवता न येणारी आवश्यक मेदाम्लेही देते. त्याची मात्रा दिवसाच्या हिशेबाने लिहितात. मात्र ती सुरक्षित ठरते तासाच्या हिशेबाने.

घटक व इतिहास : साधे तेल शिरेत गेले तर फुप्फुसातील बारीक रक्तवाहिन्या तुंबून जीव जाऊ शकतो. म्हणून तेलाचे अतिसूक्ष्म थेंब अंड्याच्या बलकातील फॉस्फोलिपिडांच्या साहाय्याने पाण्यात विखुरतात आणि ग्लिसरॉल घालून द्रवाचा परासरण दाब रक्ताच्या जवळ आणतात. अमेरिकेत आधी सरकीच्या तेलाचे पायस वापरात होते. दुष्परिणामांमुळे १९६०च्या दशकात ते मागे घेण्यात आले. त्याच दशकाच्या प्रारंभी स्वीडनच्या आर्विड व्रेटलिंड यांचे सोयाबीन तेलाचे ‘इंट्रालिपिड’ रुग्णांपर्यंत पोहोचले. पुढे ऑलिव्ह, खोबरे व मासळीच्या तेलांची मिश्रणे आली.

वेगाला मर्यादा का : रक्तातले हे थेंब रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरील लायपोप्रोटीन लायपेज हे विकर फोडते. त्याची क्षमता ठरावीक असते. आवक त्याहून वाढली की मेद रक्तात साचतो आणि ट्रायग्लिसराइड चढते. अतिरेक झाल्यास ताप, धाप, यकृतवाढ, प्लेटलेट कमी होणे, रक्तस्राव अशी ‘मेदातिभार’ लक्षणे दिसतात. जंतुसंसर्गाने खंगलेल्या रुग्णात व अपुऱ्या दिवसांच्या बाळात ही क्षमता आणखी तोकडी असते.

प्रमाण : प्रौढांना साधारणतः दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.५ ग्रॅम मेद देतात. वेग किलोमागे तासाला ०.११ ग्रॅमच्या आत ठेवतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला दिवसभराची मात्रा २४ तासांत विभागून, सिरिंज पंपाने देतात. ती किलोमागे ४ ग्रॅमपलीकडे नेत नाहीत. प्रौढात ट्रायग्लिसराइड ४०० मि.ग्रॅ./डेसिलिटरच्या वर गेल्यास मेद कमी करतात किंवा थांबवतात. भुलीचे प्रोपोफॉल चालू असेल तर त्यातला १० टक्के मेदही हिशेबात धरावा लागतो.

हिशेब : अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारखे (स्थापना १९७४) मोठे रुग्णालय असो की तालुक्याचा खासगी दवाखाना, हिशेब रुग्णाच्या वजनापासून सुरू होतो. रुग्ण ५० किलोचा, बाटली २० टक्क्यांची व २५० मि.लि.ची; म्हणजे मेद ५० ग्रॅम, उष्मांक ५०० किलोकॅलरी. कमाल वेग तासाला ५.५ ग्रॅम, म्हणजे २७.५ मि.लि. त्यामुळे ही बाटली नऊ तासांच्या आत संपवता येत नाही. बारा तासांत दिली तर तासाला सुमारे २१ मि.लि. पडते, २० थेंबांना १ मि.लि. देणाऱ्या साध्या सेटवर मिनिटाला फक्त ७ थेंब. एक किलोच्या बाळाला ३ ग्रॅम द्यायचे तर दिवसभराचे पायस अवघे १५ मि.लि., तासाला ०.६ मि.लि. पंपावर दशांशचिन्ह सुटून ६ झाले, तर दिवसाचा डोस अडीच तासांत संपतो.

देताना दक्षता : अंडे वा सोयाबीनची ॲलर्जी आधी विचारतात. पहिली १५ ते ३० मिनिटे वेग मंद ठेवून रुग्णाकडे लक्ष देतात. नळीत १.२ मायक्रॉनचा फिल्टर लावतात. स्वतंत्र लावलेली बाटली १२ तासांपेक्षा जास्त टांगत नाहीत, कारण या द्रवात जंतू झपाट्याने वाढतात. साठवण साधारणतः २५ अंशांच्या आत, पण न गोठवता. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ही अट सांभाळावी लागते. पिवळसर तवंग दिसला की बाटली फेकावी.

अपवाद : स्थानिक भुलीच्या औषधाची विषबाधा झाल्यास हेच २० टक्क्यांचे पायस उतारा म्हणून झपाट्याने देतात : किलोमागे १.५ मि.लि., दोन-तीन मिनिटांत. पन्नास किलोच्या रुग्णाला हे ७५ मि.लि. होतात, पोषणाच्या वेगाने त्यांना पावणेतीन तास लागले असते. तिथे धोका पत्करायचा तो थांबू पाहणाऱ्या हृदयासाठी. पोषणाच्या तक्त्यावर त्या वेगाला जागा नाही.