फळ्या, खिळे आणि आपले हात

माझ्या लिहिण्याच्या टेबलाला एक खण आहे. पावसाळ्यात तो अडतो. जून लागला की हलवून, ठोकून, कधी मिनतवाऱ्या करून उघडावा लागतो. दिवाळीनंतर मात्र एका बोटाने ओढला तरी सरकतो. चूक सुताराची आहे, आणि तो सुतार मीच आहे. लाकूड कापलं, वाळवलं, रंधलं तरी हवेतला ओलावा ते शोषतच राहतं. लांबीला ते फारसं वाढत नाही, पण रुंदीला फुगतं. म्हणून खणाभोवती थोडी जागा सोडायची असते. मला हे माहीत नव्हतं. माझ्या अब्बांना माहीत होतं. ते मिस्त्री होते.

अब्बांनी मला रंध्याला कधी हात लावू दिला नाही. "हे तुझं काम नाही, तू पेन धर," म्हणायचे. आमच्या तालुक्याच्या गावात कितीतरी घरांची दारं आणि चौकटी त्यांच्या हातच्या होत्या. मी मात्र पत्र्याच्या ट्रंकेवर वही ठेवून अभ्यास केला, बी.ए. झालो, कविता लिहू लागलो. नूह पैगंबरांनी आपली नौका स्वतः बांधली, झकरिया पैगंबर सुतार होते, हे अब्बा अभिमानाने सांगत. आणि तरीही मुलाला म्हणत, पेन धर.

ते गेल्यावर त्यांची हत्यारं पोत्यात पडून होती. पन्नाशी उलटल्यावर एके दिवशी मी ती बाहेर काढली. रंधा, पटाशी, करवत, गुण्या. ज्याच्या पोटाचा प्रश्न त्यावर अवलंबून नाही, असा माणूस घरी बसून हौसेने टेबल-खुर्ची का बनवतो? ही हौस आली कुठून? शोधत गेलो, तेव्हा ही कहाणी हौसेपेक्षा हाताच्या प्रतिष्ठेची निघाली.

आपल्या गावगाड्यात सुतार हा बलुतेदार. नांगर, बैलगाडी, पाभर, चौकट ही कामं त्याची, आणि सुगीला धान्याचा वाटा त्याचा. घरात लाकडी सामान तसं बेताचंच असे. पाट, चौरंग, घडवंची, भिंतीतलं फडताळ, फार तर एखादा पलंग. पण पाटावर बसणारा आणि पाट घडवणारा यांच्यामध्ये जन्माचं अंतर होतं. बसणाऱ्याने करवत धरणं कमीपणाचं, आणि घडवणाऱ्याच्या मुलाने पुस्तक धरणं नवलाचं.

युरोपातही पांढरपेशांचे हात मऊच होते. तिथे मात्र हा प्रश्न काहींनी शाळेत सोडवायचा प्रयत्न केला. फिनलंडमध्ये ऊनो सिग्नेउस या शिक्षणतज्ज्ञाच्या पुढाकाराने 1866 साली लोकशाळांतून मुलांना हस्तकाम सक्तीचं झालं. शेजारच्या स्वीडनमध्ये ऑटो सालोमन यांनी 1870च्या दशकात नेस या गावी शिक्षकांसाठी लाकूडकामाचं विद्यालय काढलं. या शिक्षणाला 'स्लॉइड' म्हणत. त्याचा साधा अर्थ हातकसब. पहिलं हत्यार चाकू. सोप्या वस्तूपासून सुरुवात करून एकेक पायरी चढायची. वस्तू शोभेची नको, घरात उपयोगी पडणारी हवी, आणि ती मुलाने स्वतः पुरी करायची. मुलांना सुतार बनवणं हा सालोमन यांचा हेतूच नव्हता. अंगमेहनतीबद्दल आदर वाटावा, हात आणि नजर यांना वळण लागावं, एवढंच त्यांना हवं होतं. देशोदेशीचे शिक्षक नेसला येऊन शिकून गेले. स्वीडनच्या शाळांत हा विषय आजही सक्तीचा आहे.

अमेरिकेत हीच गोष्ट शाळेतून घरात आली. गुस्ताव्ह स्टिकली हा न्यूयॉर्क राज्यातला फर्निचरचा कारखानदार. 1901 ते 1916 या काळात त्याने 'द क्राफ्ट्समन' नावाचं मासिक चालवलं. त्यात घरच्या घरी लाकूडकाम शिकवणारी लेखमाला येत असे. मापांसह आराखडे, लागणाऱ्या लाकडाची यादी, जोडणीच्या सूचना, सगळं त्यात असे. जो माल स्वतः विकायचा तसाच माल घरी कसा बनवावा, हे कारखानदारच सांगत होता! धंद्याच्या हिशेबात हे बसत नाही. स्टिकलीचं 1915 साली दिवाळंही निघालं. पण ते आराखडे पाहून टेबल बनवणारे हौशी लोक अजून आहेत.

पुढे मंदीचा काळ आला. हॉलंडमध्ये खेरित रीटफेल्ट या वास्तुकाराने 1934 साली खोक्यांच्या साध्या फळ्यांचं फर्निचर काढलं. सुटे भाग घ्यायचे आणि घरी जोडायचे. रीटफेल्ट हा सुताराचाच मुलगा, बापाच्या हाताखाली शिकलेला. खोक्याच्या लाकडाची त्याला लाज वाटली नाही.

याहून पुढचं पाऊल इटलीच्या एन्झो मारी यांनी टाकलं. 1974 साली त्यांनी टेबल, खुर्ची, पलंग, कपाट अशा 19 वस्तूंचे आराखडे खुले केले. टपालखर्च पाठवा आणि आराखडे घ्या. बाजारात मिळणाऱ्या फळ्या, खिळे, हातोडी आणि करवत एवढंच लागेल. हे आराखडे कुणीही वापरावेत. कारखानदार आणि व्यापारी सोडून! मारींना स्वस्त फर्निचर वाटायचं नव्हतं. स्वतः एक टेबल ठोकून पाहिलं की पायांना आडवी पट्टी का लागते हे कळतं, आणि मग दुकानातल्या झिलईला माणूस सहजासहजी फसत नाही, असं त्यांचं म्हणणं. मारी ऑक्टोबर 2020 मध्ये गेले. त्याआधी काही वर्षं बर्लिनमध्ये आफ्रिकेतून आलेल्या निर्वासित तरुणांनी त्यांच्या परवानगीने हेच फर्निचर बनवायला घेतलं. काही खुर्च्यांत त्यांनी निर्वासितांच्या मोडक्या नौकांचं लाकूड जोडलं. हे वाचलं तेव्हा मला अब्बांचे नूह पैगंबर आठवले. कुराणात एके ठिकाणी त्या नौकेचं वर्णन केवळ फळ्या आणि खिळे एवढ्यावरच केलेलं आहे. जीव वाचवायला फळ्या आणि खिळेच कामी आले. आणि पाण्यातून बाहेर आल्यावर बसायला जागा मिळाली, तीही त्यांचीच.

आपल्याकडे हा विचार गांधीजींनी आणला. 1910 साली जोहान्सबर्गजवळ टॉल्स्टॉय फार्म उभा राहिला, तेव्हा बाकांपासून पेट्यांपर्यंतचं सामान तिथल्या लोकांनीच बनवलं. सुतारकाम जाणणारे त्यांचे सहकारी कॅलनबाख हे पेशाने वास्तुशिल्पी होते. पुढे ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद झाली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने नयी तालीमचा आराखडा मांडला. शिक्षण एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफावं, आणि त्या उद्योगांत सूतकताईबरोबर सुतारकामही असावं, असं त्यात होतं. विद्वानांच्या समितीने रंधा वर्गात आणला, ही आपल्या समाजात लहान गोष्ट नव्हती.

पण ती रुजली नाही. पालकांना वाटलं, मुलाला हेच करायचं तर शाळेत कशाला घालायचं? कोठारी आयोगाने 1966 साली कार्यानुभवाची शिफारस केली. माझ्या शाळेत कार्यानुभव म्हणजे खडू बनवायचे आणि पाकिटं चिकटवायची. तो तास गणिताचे सर घेऊन टाकत. घरी ज्यांच्याकडे हत्यारं होती त्या आम्हा मुलांनाही त्याचं काही वाटलं नाही. आम्हीही घरून तेच शिकून आलो होतो.

आता हौशी माणसाला काम सोपं झालंय. पूर्वी सरस शिजवावा लागे, आणि तो गरम असेतो सांधा बसवावा लागे. 1959 साली फेव्हिकॉल बाजारात आला आणि ती धांदल गेली. प्लायवुड मापात कापून मिळतं. तरी माझं टेबल व्हायला सात महिने लागले. पायाची खाच आणि तिच्यात बसणारं कुसू यांचा मेळ चौथ्या खेपेला जमला. अब्बा असं टेबल चार दिवसांत करत, आणि गिऱ्हाईक त्यातही घासाघीस करी. मी माझ्या सात महिन्यांना छंद म्हणतो. त्यांच्या चार दिवसांना कुणी कला म्हटलं नाही. मीसुद्धा नाही.

एक मात्र झालं. आता कुणी मिस्त्री घरी कामाला आला, की मी मजुरीत घासाघीस करत नाही. चहा देताना त्याच्या हाताकडे पाहतो. माझा नातू त्याच्याजवळ उकिडवा बसून ढलप्या गोळा करतो. परवा त्याने पटाशी मागितली. माझ्या तोंडावर अब्बांचंच वाक्य आलं होतं. ते मी गिळलं, आणि पटाशी कशी धरायची ते आधी मिस्त्रींना विचार, असं त्याला सांगितलं.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)