टायटन कप आणि तिसऱ्या संघाचा हिशेब

एक साधं कोडं. एका स्पर्धेत एक संघ साखळीतले सहा सामने खेळतो आणि सहाच्या सहा जिंकतो. दुसरा संघ त्याच्याशी साखळीत तीनदा भिडतो आणि तिन्ही वेळा हरतो. कप कोणाला मिळाला?

दुसऱ्याला! ६ नोव्हेंबर १९९६, बुधवार, मुंबईचं वानखेडे स्टेडियम. दिवाळी चार दिवसांवर आली होती. भारत ७ बाद २२०, दक्षिण आफ्रिका सर्वबाद १८५. सचिनच्या ६७ धावा, कुंबळेचे २५ धावांत ४ बळी. आणि गंमत म्हणजे मालिकावीराचं बक्षीस हरलेल्या संघातल्या अ‍ॅलन डोनाल्डला. म्हणजे आयोजकांनाही कुठेतरी कळलं होतं की स्पर्धेतला चांगला संघ कोणता आणि कप कोणाकडे गेला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

टायटन कप ही तिरंगी स्पर्धा : भारत, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया. पुरस्कर्ती घड्याळांची कंपनी. आज लोकांना त्यातला बंगलोरचा सामना तेवढा आठवतो. तो आहेच तसा. २१ ऑक्टोबरला मार्क टेलरनं १०५ करून ऑस्ट्रेलियाला २१५ पर्यंत नेलं. सचिन ८८ वर आऊट झाला तेव्हा आपली अवस्था ८ बाद १६४. अर्ध्या देशानं टीव्ही बंद केले. मग श्रीनाथ आणि कुंबळे या घरच्या मैदानावरच्या दोघांनी नाबाद ५२ धावांची भागीदारी केली आणि सात चेंडू राखून सामना खिशात घातला. त्यांचं कौतुक मी काय नव्यानं करणार. मला बोलायचंय ते त्या स्पर्धेच्या गणिताबद्दल. कारण तिरंगी स्पर्धा म्हणजे मुळात गणितच होतं, आणि ते गणित आमच्यासारख्या गावांतून लोक तोंडी करायचे.

आमचं गाव वडनेर भोलजी. तालुका नांदुरा, जिल्हा बुलढाणा. मलकापूरहून नांदुऱ्याकडे निघालात की मधे लागतं. तेव्हाचा नॅशनल हायवे नंबर सहा (आता त्याला ५३ म्हणतात) गावाला चिकटून जातो. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे कापूस वेचणीचे दिवस. लाइटचा भरवसा नाही, म्हणून ट्रॅक्टरची बॅटरी काढून तिच्यावर ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही चालवायचा ही सर्वमान्य पद्धत होती. हायवेवरच्या चहाच्या हॉटेलात पाटीवर खडूनं गुण लिहिलेले असत. ट्रकवाले चहा प्यायला उतरले की आधी पाटी बघायचे, मग खारी मागायचे.

आता त्या पाटीवरचा हिशेब बघा. जिंकलं की २ गुण, पावसानं सामना गेला की दोघांना एकेक. प्रत्येकानं दुसऱ्या दोघांशी तीन-तीन सामने खेळायचे, मग पहिल्या दोघांत फायनल. दक्षिण आफ्रिकेनं हैदराबाद, इंदूर, जयपूर, फरिदाबाद, राजकोट, गुवाहाटी असे सगळे सामने मारले. १२ गुण, विषय संपला. उरला भारत-ऑस्ट्रेलियाचा तंटा. बंगलोर आपण जिंकलेलं, कटकचा सामना पावसात वाहून गेलेला. म्हणजे भारत ३, ऑस्ट्रेलिया १. शेवटचा सामना मोहालीला, ३ नोव्हेंबरला. आपण जिंकलो तर प्रश्नच नाही. हरलो तर दोघांचे गुण ३-३, आणि मग बसा वजाबाक्या करत.

मोहालीला अझरुद्दीननं ९४ केल्या, सचिननं ६२, द्रविडनं ५६. आपले ६ बाद २८९. ऑस्ट्रेलिया रेटत रेटत आली. शेवटच्या षटकात ६ धावा हव्यात आणि एकच गडी शिल्लक. कप्तान सचिननं चेंडू स्वतःच्याच हातात घेतला. पहिल्याच चेंडूवर ब्रॅड हॉग धावबाद! पाच धावांनी जिंकलो. मार्क टेलरचा तो ऑस्ट्रेलियन संघ त्या स्पर्धेत एकही सामना न जिंकता घरी गेला. हे आज कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

ही पद्धत आली कुठून? अर्थातच ऑस्ट्रेलियातून आणि टीव्हीतून. १९७७ मध्ये केरी पॅकरनं प्रक्षेपणाच्या हक्कांवरून बोर्डाशी भांडण काढलं, खेळाडू पळवून स्वतःचं क्रिकेट सुरू केलं. दोन वर्षांनी तडजोड झाली आणि १९७९-८० च्या मोसमापासून 'वर्ल्ड सिरीज कप' नावाची तिरंगी स्पर्धा रूढ झाली. टीव्हीवाल्याच्या नजरेनं बघा. दोन संघांची कसोटी मालिका चार-पाच सामन्यांत संपते. तीन संघ गोल गोल फिरवले की डझनभर सामने निघतात, वर फायनल पक्की. पण पहिल्याच वर्षी पंचाईत झाली. फायनलला वेस्ट इंडीज आणि इंग्लंड, यजमान घरी बसून! पुढच्या वर्षी गावसकरचा संघ तिकडे गेला, तिसरा संघ न्यूझीलंड. मेलबर्नच्या पहिल्याच सामन्यात आपण ऑस्ट्रेलियाला ६६ धावांनी हरवलं, त्यात आपल्या संदीप पाटीलच्या ६४. फायनलला मात्र आपण नव्हतो. त्याच फायनल्समध्ये चॅपेलबंधूंचं ते सरपटी चेंडूचं प्रकरण घडलं.

मग शारजा. एप्रिल १९८४ मधला पहिला आशिया कप तिरंगीच होता : भारत, पाकिस्तान, श्रीलंका. फायनल वगैरे भानगड नाही, दोन सामने, दोन्ही गावसकरच्या संघानं जिंकले. वाळवंटात अब्दुल रहमान बुखातिरनं उभं केलेलं ते मैदान पुढची पंधरा-सोळा वर्षं आपल्या संध्याकाळी खाऊन बसलं.

आपल्याकडच्या तिरंगींना खरा पैसा दिसला तो नव्वदच्या दशकात. १९९३ च्या हिरो कपच्या वेळी (तो पाच संघांचा होता) बंगालच्या क्रिकेट संघटनेनं प्रक्षेपणाचे हक्क परदेशी कंपनीला विकले, दूरदर्शननं हरकत घेतली, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. फेब्रुवारी १९९५ मध्ये निकाल लागला की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नव्हे. त्यानंतर सामना ही विकण्याची वस्तू झाली, आणि जितके सामने तितका धंदा. विदर्भाच्याही वाट्याला मग तुकडा आला. २२ मार्च १९९९ ला पेप्सी कपातला भारत-श्रीलंका सामना नागपूरला झाला. गांगुली नाबाद १३०, द्रविड ११६. मलकापुरातून रात्रीच्या गाडीत उभं राहून गेलेली पोरं दोन दिवस त्याच धुंदीत होती.

आता मुद्द्यावर येतो. दोन संघांच्या मालिकेत हरलं की हरलं. तिरंगीत मैदानावर दोन संघ असतात, पण तिसरा संघ कुठंतरी हॉटेलात बसून खेळत असतो. तो दिसत नाही, पण त्याचा नेट रनरेट धावफलकावर बसलेला असतो. हे सगळ्यात लख्ख दिसलं २२ एप्रिल १९९८ ला शारजात. भारत आणि न्यूझीलंड यांनी एकमेकांना एकेकदा हरवलेलं, दोघांचे गुण सारखे. ऑस्ट्रेलियाच्या २८४. म्हणजे जिंकायला २८५ आणि नुसतं फायनलला जायला २५४. मधेच वाळूचं वादळ. खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा नवे आकडे : ४६ षटकांत जिंकायला २७६, फायनलसाठी २३७. दोन वेगळी लक्ष्यं, एकच डाव! सचिननं १३१ चेंडूंत १४३ केल्या, आपण ५ बाद २५० वर थांबलो आणि २६ धावांनी हरलो. तरी गावात फटाके वाजले. गर्दीतले एक म्हातारे खरोखर गोंधळले होते. "हारलो ना आपन? मंग फटाके कायले बाप्पा?" त्यांना समजावायला तीन जण बसले, आणि दहावीला गणितात लटकलेला एक जण सगळ्यात नीट समजावत होता. आपण केलेल्या धावा भागिले खेळलेली षटकं, वजा दिलेल्या धावा भागिले टाकलेली षटकं. सगळे बाद झालो तर मात्र पूर्ण पन्नास धरायची. (प्रोग्राम लिहिताना हीच अट लोक विसरतात. गावात कोणी विसरलं नव्हतं.) दोन दिवसांनी, पंचविसाव्या वाढदिवशी, सचिननं १३४ केल्या आणि कप आणला.

हारूनही पुढे जाता येतं, ही ढील तिरंगीची गोडी होती. आणि तीच तिची खोट.

कारण ज्या स्पर्धेत एखादा सामना हरून चालतं, तिथे तो एक सामना विकणंही सोपं असतं. परत टायटन कपाकडे चला. २९ ऑक्टोबर १९९६, राजकोट, भारत वि. दक्षिण आफ्रिका. आपण हरलो. पाटीवर तसा काही फरक पडला नाही, दक्षिण आफ्रिका आधीच फायनलला होती आणि आपला निकाल मोहालीला लागायचा होता. एप्रिल २००० मध्ये दिल्ली पोलिसांनी हॅन्सी क्रोनिएचं प्रकरण बाहेर काढलं. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये सीबीआयचा अहवाल आला आणि त्यात अझरुद्दीनच्या संदर्भात याच राजकोटच्या सामन्याचं नाव होतं. बोर्डानं त्याच्यावर आजन्म आणि वानखेडेच्या फायनलमध्ये उपयोगी पडलेल्या अजय जडेजावर पाच वर्षांची बंदी घातली. जडेजाच्या बाजूनं २००३ मध्ये दिल्ली हायकोर्टानं निकाल दिला. अझरुद्दीननं आरोप नाकारले, आणि २०१२ मध्ये आंध्र प्रदेश हायकोर्टानं त्याच्यावरची बंदी बेकायदेशीर ठरवली. म्हणजे कायद्याच्या भाषेत प्रकरण मिटलं.

मनाच्या भाषेत मिटलेलं नाही. मोहालीच्या त्या ९४ धावांवर मी आजही जीव टाकतो. त्या खोट्या होत्या असं कोणीही म्हटलेलं नाही, मीही म्हणत नाही. पण पाच दिवस आधीच्या राजकोटचा हिशेब पाटीवर खडूनं लिहिताना आम्ही जी शून्यं मांडली, ती निदान खेळातली शून्यं होती ना, हे आता कोणाला विचारायचं? क्रोनिएनं तर किंग आयोगापुढे सांगितलं की १९९६ च्या डिसेंबरात मुंबईतच त्याच्या संघापुढे सामना सोडण्याची ऑफर आली होती आणि संघाच्या बैठकीत तिच्यावर चर्चा झाली. ऑफर नाकारली, पण चर्चा झाली! टायटन कपाच्या फायनलला तेव्हा जेमतेम महिना उलटला होता.

या प्रकरणांनंतर, २००१ मध्ये, केंद्र सरकारनं भारतीय संघाला शारजा, सिंगापूर, टोरांटो असल्या ठिकाणी खेळायला तीन वर्षं मनाई केली. तिरंगीचं अर्धं दुकान तिथेच बंद झालं. उरलेलं अर्धं धंद्यानंच बंद केलं. यजमान बोर्डाला पैसा मिळतो तो स्वतःच्या संघाच्या सामन्यांचा. फरिदाबादला ऑस्ट्रेलिया-दक्षिण आफ्रिका बघायला जाहिरातदार कशाला पैसे मोजेल? त्यापेक्षा दोघांचीच मालिका बरी, प्रत्येक सामन्यात यजमान आहेच. २००८ मध्ये आयपीएल आलं आणि कॅलेंडरात जागाच राहिली नाही. २००३ च्या टीव्हीएस कपानंतर आपल्या पुरुष संघाची घरच्या मैदानावर अशी तिरंगी झालेली नाही.

जाता जाता तिरंगीनं दोन चांगले दिवस दिले. १३ जुलै २००२, लॉर्ड्स, नॅटवेस्ट. ३२६ चा पाठलाग, कैफ नाबाद ८७, आणि शेवटची धाव पळताना त्याच्यासोबत आपला श्रीरामपूरचा झहीर खान. गांगुलीच्या शर्टाचं सगळ्यांना माहीतच आहे. दुसरा दिवस होबार्टचा, २८ फेब्रुवारी २०१२. बोनस गुणासाठी ३२१ धावा ४० षटकांत हव्या होत्या. कोहलीनं ८६ चेंडूंत नाबाद १३३ केल्या, ३६.४ षटकांतच काम तमाम. आणि तीनच दिवसांनी, आपला संघ मैदानावरही नसताना, श्रीलंकेनं ऑस्ट्रेलियाला ९ धावांनी हरवलं आणि आपण स्पर्धेबाहेर. तिसरा संघ या वेळी आपण होतो.

हल्ली पोरं नेट रनरेट फोनवर बघतात, आयपीएलच्या दहा संघांचा. पाटी नाही, खडू नाही. पण तिरंगी अगदीच मेलेली नाही. एप्रिल-मे २०२५ मध्ये आपल्या महिला संघानं कोलंबोत एक खेळली : भारत, श्रीलंका, दक्षिण आफ्रिका. साखळीत श्रीलंकेनं आपल्याला एकदा ३ गडी राखून हरवलं होतं. चालून गेलं, फायनल गाठलीच. ११ मे ला समोर पुन्हा श्रीलंकाच. सांगलीच्या स्मृती मानधनानं ११६ केल्या, आपले ३४२, आणि सामना ९७ धावांनी आपला.