टिळकांची ख्रिस्तमाउली

रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांच्या अभंगांत ख्रिस्त माउली होऊन येतो. हा निव्वळ काव्यालंकार नव्हे. विठ्ठलाला आई म्हणत वाढलेल्या मनाला परदेशी मिशनांनी आणलेला प्रभू आपला वाटावा, यासाठी कल्पनेनेच हा पूल बांधला. फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालचे. पण तेथे पुराणिक बोलतो, टिळकांच्या अभंगांत लेकरू.

या कल्पनेची किंमत मात्र दुसऱ्याच कुणी मोजली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पुढली काही वर्षे त्या पतीपासून दूर राहिल्या. देवात आई पाहणाऱ्या कवीला घरातले हे दुःख आधी दिसले नसेल का? ‘स्मृतिचित्रे’ वाचताना हा प्रश्न मला सोडत नाही.

लक्ष्मीबाईंची वाट निराळी होती. सोवळे-ओवळे त्यांच्या मनातून अनुभवाने, हळूहळू गळाले. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी आरंभलेले ख्रिस्तचरित्राचे महाकाव्य ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या निधनाने अपुरे राहिले. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी, ज्यांनी शाळेची पायरी कधी चढली नव्हती.