शॅम्बलिंग माउंड
शॅम्बलिंग माउंड हा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या कल्पनारम्य भूमिका-खेळातला दलदलीत राहणारा हिंस्र वनस्पतिजन्य प्राणी आहे. नावाचा शब्दशः अर्थ ‘फरफटत चालणारा ढिगारा’. खेळाडूंच्या तोंडी तो नुसता ‘शॅम्बलर’ असतो. कुजलेली पाने, वेली, मुळे, शेवाळ आणि चिखल यांच्या ओल्या ढिगाला दोन जाड हात आणि दोन बेढब पाय फुटावेत, तसे त्याचे रूप. स्थिर बसला की पाणथळ जागेतल्या पाल्याच्या ढिगाहून तो वेगळा ओळखू येत नाही.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. शॅम्बलर पहिल्यांदा छापला गेला तो १९७५ च्या शरद ऋतूत, खेळाची प्रकाशक असलेल्या टीएसआर कंपनीच्या ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ या नियतकालिकाच्या तिसऱ्या अंकात. १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये त्याला कायमची जागा मिळाली आणि पुढच्या आवृत्त्यांतही तो टिकला. दलदलीतून उठणाऱ्या पालापाचोळ्याच्या माणसाची कल्पना त्यापूर्वीची आहे. थिओडोर स्टर्जनची ‘इट’ ही कथा १९४० ची, ‘द हीप’ हे चित्रकथेतले पात्र १९४२ चे. ‘मॅन-थिंग’ आणि ‘स्वॅम्प थिंग’ हे दोघेही १९७१ मध्ये अमेरिकी चित्रकथांत आले. मात्र ही पात्रे बहुधा कधीकाळी माणसे होती किंवा माणसाच्या अवशेषांभोवती वाढलेली होती. शॅम्बलरच्या पोटात असा कोणी माणूस नाही. तो मुळातूनच वनस्पती आहे, आणि भूक हाच त्याचा सगळा स्वभाव.

त्याची खरी ओळख विजेशी निगडित आहे. इतर बहुतेक प्राण्यांना भाजून काढणारी वीज शॅम्बलरला पोसते. १९७७ च्या नियमांत विजेचा तडाखा बसला की तो वाढतो आणि त्याच्या ताकदीत एका हिट डायची (जीवनशक्ती मोजणाऱ्या फाशाची) भर पडते. तिसऱ्या आवृत्तीत विजेने त्याची काटकता तात्पुरती १ ते ४ अंकांनी वाढते आणि पुढे तासाला एक या गतीने उतरते. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत विजेने जितकी इजा व्हायची, तितके हिट पॉइंट (जीवनशक्तीचे अंक) त्याला परत मिळतात. याच आवृत्तीत त्याच्या जन्माचीही कथा आहे: दलदलीतल्या सामान्य वनस्पतीवर वीज पडली किंवा परीलोकाची जादू झाली, की ती चालू लागते. कल्पना अगदीच हवेतली नाही. विजेच्या उष्णतेने हवेतला नायट्रोजन संयुगांच्या रूपात पावसाबरोबर जमिनीत उतरतो आणि झाडांना खत म्हणून मिळतो, एवढे तरी खरे आहे.

खेळाच्या दृष्टीने वीज पचवण्याचा हा गुण म्हणजे सापळाच आहे. मध्यम पातळीवरच्या जादूगाराचे हुकमी अस्त्र म्हणजे वीज फेकणारा मंत्र. तो सवयीने टाकला की समोरचा शत्रू ताजातवाना होतो. दुसऱ्या हुकमी अस्त्राचा, आगीचाही फारसा उपयोग नाही. पहिल्या नियमांत ओल्या, बुळबुळीत अंगावर आग चालतच नसे, शस्त्रांचीही निम्मीच इजा होई. पाचव्या आवृत्तीत आग आणि थंडी दोन्हींची इजा निम्मी होते; शस्त्रांना मात्र पूर्ण मोकळीक आहे. झाड आहे म्हणून कुऱ्हाडीने जास्त लागेल, हा नव्या खेळाडूंचा अंदाज तर्काला धरून असला तरी नियमांत त्याला आधार नाही.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीतले आकडे असे: चिलखत-अंक १५, सरासरी हिट पॉइंट १३६, आव्हान-पातळी ५. म्हणजे पाचव्या पातळीवरच्या चार पात्रांना एक शॅम्बलर बरोबरीचा ठरावा. त्याच्या एका ठोशाने आठ बाजूंचे दोन फासे अधिक ४ इतकी इजा होते, आणि तो एका वेळी दोन ठोसे मारतो. दोन्ही ठोसे एकाच मध्यम वा लहान आकाराच्या बळीला बसले की तो पकडला जातो आणि ढिगाऱ्याच्या आत ओढला जातो. आत गेलेल्याला दिसत नाही, हलता येत नाही, श्वास घेता येत नाही. दर फेरीला काटकतेचा फासा १४ च्या खाली पडला तर चेंगरण्याची इजा होते. शॅम्बलर चालू लागला की बळीही त्याच्याबरोबर जातो. एका वेळी एकच माणूस आत मावतो.

गुदमरण्याचा धाक मात्र पूर्वीइतका राहिलेला नाही. १९७७ मध्ये दोन्ही हात लागलेला बळी २ ते ८ फेऱ्यांत मरत असे; शॅम्बलरला त्याआधी मारणे हाच उपाय. पाचव्या आवृत्तीत साधारण पात्रही मिनिटभर, म्हणजे दहा फेऱ्या, श्वास रोखू शकते आणि तोवर लढाईचा निकाल लागलेला असतो. आता भीती उरली ती चेंगरण्याची, आणि चिखलाच्या ढिगात दिसेनासा झालेल्या सोबत्याची. जुना नियम अधिक कठोर होता, आणि या प्राण्याला तोच अधिक शोभत होता.

२०१४ च्या नियमांत शॅम्बलरला दृष्टी नाही. ६० फुटांच्या आतले सगळे त्याला आंधळेपणीही कळते. त्यापलीकडे तो खरोखर आंधळा. त्यामुळे त्याला आंधळे वा बहिरे करणारी जादू वाया जाते, पण लांबून बाण सोडणाऱ्याचे तो काही करू शकत नाही. त्या नियमांत त्याचा चालण्याचा वेग २० फूट आहे, माणसाचा ३०. मोकळ्या माळावर दोन धनुर्धारी त्याला आरामात संपवतील. म्हणूनच जाणता डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, त्याला माळावर सोडत नाही. पाय रुतणारा चिखल, दाट धुके, वाकडी पायवाट आणि वाटेलगतचा एक निरुपद्रवी दिसणारा ढीग, एवढी मांडणी असली की ६० फुटांचे अंतर मिळतच नाही. पाण्यात तो २० फुटांच्याच वेगाने पोहतो, तेव्हा ओढा ओलांडून सुटका होत नाही.

त्याच्यावरचा उत्तम उतारा मृत्युविद्येच्या मंत्रांत सापडतो. जिवंत वस्तूतला ओलावा शोषून तिला सुकवणारा ‘ब्लाइट’ हा चौथ्या पातळीचा मंत्र वनस्पतींसाठीच जणू केला आहे: २०१४ च्या नियमांत वनस्पतिजन्य प्राण्याला बचावाचा फासा दोनदा टाकून कमी आलेला अंक धरावा लागतो आणि इजा ठरलेली, कमाल, म्हणजे ६४ अंकांची होते. बचाव साधला तरी ३२ जातात. माणसांसाठीचे मोहिनीचे आणि जखडण्याचे मंत्र त्याच्यावर लागूच पडत नाहीत. मारल्यावरही काम संपत नाही. मेल्यासारखा तो पाल्यात विखुरतो, पण मूळखोड शाबूत राहिले तर त्यातून नवे शरीर वाढते. खोड शोधून नष्ट न करता पुढे गेलेल्या टोळीला परतीच्या वाटेवर तोच पुन्हा भेटतो.

शॅम्बलर नेहमीच शत्रू असतो असे नाही. तिसऱ्या आवृत्तीत निसर्गाची जादू करणाऱ्या ड्रुइडांना ‘शॅम्बलर’ याच नावाचा नवव्या पातळीचा मंत्र मिळत असे. त्यातून ३ ते ६ शॅम्बलर मदतीला उभे राहत. आपल्याच सेवकांवर वीज पाडून त्यांना आधी बळकट करून घ्यायचे आणि मग लढाईत ढकलायचे, ही खेळाडूंची आवडती क्लृप्ती. बाराव्या पातळीपासून ड्रुइड स्वतःही वनस्पतीचे रूप घेऊ शकत, तेव्हा अनेकांची निवड हाच ढिगारा असे.

तिसऱ्या आवृत्तीच्या नियमांवर उभ्या राहिलेल्या पॅथफाइंडर या खेळातही २००९ पासून शॅम्बलर आहे. पाचव्या आवृत्तीतली त्याची नोंद मुक्त परवान्याखाली खुली झाली असल्याने इतर निर्मातेही आपल्या साहसकथांत त्याला उतरवू शकतात.