पडद्यावरील जुळारी : संगणकीय कंपोझिटरचा इतिहास आणि मराठी लेखन

छापखान्यात खिळे जुळविणाऱ्या कामगारास कंपोझिटर म्हणत. संगणकाच्या परिभाषेत हे नाव एका निराळ्या कारागिरास लाभले आहे. पडद्यावर उघडलेल्या अनेक खिडक्यांची चित्रे जुळवून त्यांचे एक अंतिम चित्र सिद्ध करणारी आणि कळफलकावरील कळ कोणत्या खिडकीकडे जावी हे ठरविणारी आज्ञावली म्हणजे कंपोझिटर. वापरकर्त्यास तिचे अस्तित्व जाणवत नाही. तथापि मराठी मजकूर संगणकात कसा शिरतो, या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी या थरात दडलेले आहे.

युनिक्स परंपरेतील संगणकांवर हे काम दीर्घकाळ एक्स विंडो प्रणालीकडे होते. १९८४ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत तिचा जन्म झाला आणि १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती आली. तीच पुढे रूढ झाली. मूळ रचनेत अक्षरे काढण्याचे कामही तिच्याकडेच होते व एका संकेतांकास एक आकृती असा तिचा हिशेब होता. इंग्रजीस तो पुरेसा ठरला. देवनागरीस ठरणे शक्य नव्हते. 'आचार्य' आणि 'दऱ्या' या दोन शब्दांत र व य यांचाच संयोग असूनही एकात रफार येतो, दुसऱ्यात आडवा अर्धा र. ऱ्हस्व इकार उच्चारात व्यंजनानंतर असतो, लेखनात आधी उमटतो. मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने (हे केंद्र पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाले) चालू शतकाच्या आरंभी 'इंडिक्स' या प्रकल्पाद्वारे हा प्रश्न हाती घेतला. कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी 'रघु' हा टंक घडविला तोही याच केंद्रात. इंडिक्सची दिशा धाडसी होती. प्रत्येक आज्ञावली स्वतंत्रपणे दुरुस्त करण्यापेक्षा भारतीय लिप्यांची सोय एक्स प्रणालीच्या गाभ्यातच करावी, म्हणजे तिच्यावर चालणाऱ्या आज्ञावलींना ती आपोआप मिळेल, असा हा विचार होता.

तो चुकीचा होता असे म्हणता येत नाही. मात्र त्याच काळात पायाखालची जमीन सरकत होती. अक्षरजुळणीचे काम एक्सच्या गाभ्यातून निघून पँगोसारख्या ग्रंथालयांकडे गेले आणि मराठीचा पडद्यावरील प्रश्न अखेरीस तेथेच सुटला. सामायिक काय असावे, हा निर्णय योग्य होता. ते कोठे असावे, याचे उत्तर तेवढे बदलले.

२००८ मध्ये क्रिस्टियान ह्योग्सबेर्ग यांनी वेलँड या नव्या संकेतप्रणालीचा आरंभ केला. तिच्यात मध्यस्थ एक्स उरला नाही. कंपोझिटर हाच सर्वाधिकारी झाला. परिणामी पडदा, कळफलक, माउस, चित्रस्मृती या सर्वांची व्यवस्था प्रत्येक कंपोझिटरवर येऊन पडली. जीनोम व केडीई या मोठ्या प्रकल्पांना हा भार पेलला. लहान गटांना तो पेलणारा नव्हता. 'स्वे' या कंपोझिटरचे कर्ते ड्र्यू डीव्हॉल्ट यांनी प्रथम 'डब्ल्यूएलसी' या तयार ग्रंथालयाचा आधार घेतला, पण त्याच्या मर्यादा जाणवू लागताच २०१७ मध्ये 'डब्ल्यूएलरूट्स' हे नवे ग्रंथालय सुरू झाले. पुढे त्याची धुरा सायमन सेर यांनी वाहिली.

या ग्रंथालयाचे स्वरूप खानदेशातील वाचकास फड पद्धतीवरून चटकन उमगेल. पांझरेच्या खोऱ्यात नदीवर सामायिक बंधारा असतो, पाटाने पाणी फडांपर्यंत येते, पाटकरी ते वाटतो. कोणत्या फडात कोणते पीक घ्यावे हे मात्र बंधारा ठरवीत नाही. डब्ल्यूएलरूट्सही खिडक्यांची मांडणी कशी असावी हे ठरवीत नाही. पडद्याशी व कळफलकाशी संपर्क, चित्रांकन, जुन्या एक्स आज्ञावलींची सोय असे सुटे घटक ते पुरविते. हवे ते घ्यावेत, नको ते सोडावेत. वेफायर, लॅबडब्ल्यूसी, एकाच आज्ञावलीसाठी असलेला केज हे सारे याच बंधाऱ्याखालचे फड होत. रास्पबेरी पाय या स्वस्त संगणकाच्या प्रणालीने २०२३ मध्ये वेफायर व २०२४ मध्ये लॅबडब्ल्यूसी स्वीकारला, तेव्हा हे ग्रंथालय विद्यार्थ्यांच्या मेजावर पोहोचले.

उपमा येथे थोडी लंगडी पडते. दगडी बंधारा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. डब्ल्यूएलरूट्सची जोडणी स्थिर राहील अशी हमी त्याचे कर्ते देत नाहीत, आणि नव्या आवृत्तीबरोबर तिच्यावर अवलंबून असलेल्यांस आपली आज्ञावली पुन्हा जुळवून घ्यावी लागते. 'हायपरलँड' या लोकप्रिय कंपोझिटरने २०२४ मध्ये हे ग्रंथालय सोडून स्वतःचा पाया रचला.

मराठीच्या दृष्टीने कळीचा मुद्दा टंकलेखनाचा आहे. अक्षरे जुळविणे कंपोझिटरच्या कक्षेबाहेर गेले, पण अक्षरे घेणे त्याच्या हाती एकवटले. रोमन कळांनी उच्चारानुसार मराठी लिहिणाऱ्यास कळ आणि खिडकी यांच्यामध्ये एक दुभाषी आज्ञावली लागते. तिला वाट करून देणे कंपोझिटरचे काम, आणि ही वाट सर्वत्र एक नाही. जीनोमने आयबस ही दुभाषी आज्ञावली थेट आपल्यात जोडून घेतली, केडीईने संबंधित संकेताची जुनी आवृत्ती स्वीकारली, डब्ल्यूएलरूट्सने दुसरी. यामुळे एका ठिकाणी सुरळीत चालणारे मराठी टंकलेखन दुसऱ्या ठिकाणी अडू शकते. दुभाषी आज्ञावली सांभाळणाऱ्या लहान गटास तीन वाटांवर तीनदा श्रम करावे लागतात.

इन्स्क्रिप्ट कळफलकाची गोष्ट वेगळी. त्यात एका कळेस देवनागरीचे ठरावीक चिन्ह असते. कळफलकाचा आराखडा कंपोझिटर स्वतःच प्रत्येक खिडकीस देतो, आणि या आराखड्यांच्या सामायिक संचात मराठी इन्स्क्रिप्टचा समावेश आहे. दुभाषी लागत नाही, तीन वाटांचा प्रश्नही उद्भवत नाही. जळगाव किंवा धुळ्याच्या महाविद्यालयात अहिराणी लोकगीते वा पावरी शब्दसंग्रह देवनागरीत उतरवून घेणाऱ्या अभ्यासकास लॅबडब्ल्यूसीवर काम करताना या आराखड्याचे नाव एका ओळीत नोंदविणे पुरते.