मुदतीचा ताप आणि आजीची पेज

गेला आठवडा तापात गेला. तसं विशेष काही नाही, साधा व्हायरल. १०२ पर्यंत चढायचा, गोळी घेतली की उतरायचा. तोंडाला चव नव्हती म्हणून दोन दिवस पाण्यावरच काढले. रूममेट म्हणाला, "बरंय की, लंघन हे परम औषध!" हे आजीला फोनवर सांगितलं आणि ती जी भडकली! "लंघन गेलं चुलीत. आत्ताच्या आत्ता पेज कर."

आजीच्या रागामागचं कारण घरात सगळ्यांना माहीत आहे. १९४४ साली तिच्या थोरल्या भावाला मुदतीचा ताप आला, म्हणजे टायफॉइड. २१ दिवसांची मुदत, आणि तोवर नुसतं मुगाचं पाणी, मिळालं तर मोसंब्याचा रस. तो भात मागायचा. आजी ९ वर्षांची, त्याच्या उशाशी बसलेली. द्यायचा नाही म्हणून बजावलेलं, म्हणून तिने दिला नाही. अठराव्या दिवशी तो गेला.

पडल्या पडल्या डोक्यात एकच किडा वळवळत होता: तापात उपाशी ठेवायचं हे ठरवलं कोणी?

मला वाटायचं, आपल्या आयुर्वेदाने. म्हणून चरकसंहितेतला ज्वराचा अध्याय काढला. नव्या तापात आधी लंघन, हे तिथे आहेच. पण लगेच अपवादांची यादी येते: क्षयाने, श्रमाने, शोकाने, भीतीने आलेल्या तापात लंघन नाही. शिवाय लंघन करायचं ते बळ न तुटेल इतपतच, कारण आरोग्य बळावरच उभं असतं. आणि त्यानंतर काय? मंडापासून सुरुवात करून पेजेचे प्रकार, ताप मऊ पडेपर्यंत किंवा ६ दिवस. म्हणजे पेज तिथेही आहेच. आपण पहिली ओळ पाठ केली आणि पुढचं वाचलंच नाही. (डॉक्युमेंटेशन वाचायची आपली सवय फार जुनी दिसते.)

युरोपात तर कहरच होता. १९व्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये ब्रूसे नावाच्या डॉक्टरचं राज्य होतं. त्याच्या मते ताप म्हणजे पोटाआतड्यांचा दाह. उपाय, जळवा लावा आणि खाणं तोडा. १८३३ या एका वर्षात फ्रान्सने ४ कोटींहून जास्त जळवा आयात केल्या!

याला सरळ विरोध केला तो डब्लिनच्या मीथ हॉस्पिटलमधल्या रॉबर्ट ग्रेव्हज्‌ने. थायरॉइडच्या ‘ग्रेव्हज् डिसीज’वाला तोच हा. १८४३ साली त्याची व्याख्यानं पुस्तकरूपाने आली. त्याचा मुद्दा मला फार आवडला. तो म्हणतो, धडधाकट माणसाला बरेच दिवस उपाशी ठेवा, त्याचंही डोकं दुखेल, तोही बरळायला लागेल. मग पेशंटची ही लक्षणं तापाची की भुकेची? आणि भ्रमातला पेशंट अन्न मागत नाही म्हणून त्याला ते नको आहे असं धरायचं असेल, तर त्याला लघवीची जाणीव होत नाही म्हणून तीही तुंबू द्याल का? आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर एरर पाठवत नाही, याचा अर्थ तो ठीक चाललाय असा नव्हे; कदाचित एरर पाठवणारा भागच बंद पडला असेल. आपल्या थडग्यावर एवढंच लिहा की याने तापाच्या रोग्यांना जेवू घातलं, असं ग्रेव्हज् विद्यार्थ्यांना म्हणाला होता. १८५३ साली तो वारला.

पण टायफॉइडमधली उपासमार तेवढ्याने थांबली नाही. त्यात आतड्याला जखमा होतात, घट्ट अन्नाने आतडं फुटेल ही भीती होती, आणि आतडं फुटतं हे खोटं नव्हतं. २०व्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये वॉरन कोलमनने टायफॉइडच्या रोग्यांना दूध, साय, लोणी असा भरपूर कॅलरींचा आहार देऊन पाहिला. पुढे त्याने आणि यूजीन ड्युबॉयने बेलव्ह्यू हॉस्पिटलात रोग्यांची उष्णता चक्क कॅलरीमीटरमध्ये मोजली. ड्युबॉयचा आकडा आजही वापरतात: ताप १ अंश सेल्सिअस वाढला की शरीराचा खर्च साधारण १३ टक्क्यांनी वाढतो. माझा १०२ म्हणजे जवळजवळ २ अंश जास्त, म्हणजे पाव पट खर्च वाढलेला आणि जमा शून्य. दोन दिवसांत मी काही मरणार नव्हतो, पाणी पीत होतो तेवढं पुरेसं होतं. पण २१ दिवस?

हे सगळं १९४४ च्या आधीचं आहे. कोकणातल्या त्या घरापर्यंत ते पोचलं नव्हतं. भात दिला असता तरी आजीचा भाऊ वाचला असता असं मात्र मी म्हणणार नाही. टायफॉइडवर क्लोरॅम्फेनिकॉल चालतं हे क्वालालंपूरला दिसलं ते १९४८ साली, आणि त्याआधी चांगलं खाऊनपिऊनही माणसं जात होती. हे मी आजीला समजावायचा प्रयत्न केला. तिने ऐकून घेतलं.

"वाचला नसता, असं म्हणतोस?"

"बहुतेक नाही, आजी."

"बरं. पण उपाशी गेला नसता."

यावर मला काही बोलता आलं नाही. थोड्या वेळाने तिनेच विचारलं, पेजेत मीठ घातलंस का, आणि तूप आहे का घरात.