व्हीएचएफ पट्टा

व्हीएचएफ पट्टा : ३० ते ३०० मेगाहर्ट्‌झ वारंवारतेच्या रेडिओ लहरी. तरंगलांबी १० मीटर ते १ मीटर.

लघुलहरी उंच वातावरणातील आयनांबर या विद्युतभारित थरावरून परतून खाली येतात, म्हणून त्या खंड ओलांडतात. व्हीएचएफ लहरी सहसा आयनांबर भेदून अवकाशात निघून जातात, त्यामुळे त्यांचा पल्ला साधारण दृष्टिपथाएवढाच. सपाट प्रदेशात ॲन्टेनाच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढून त्याला ४.१२ ने गुणले, की जमिनीलगतच्या ग्राहकापर्यंतचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते : १०० मीटरला सुमारे ४१. प्रक्षेपकाची शक्ती वाढवण्याइतकाच, कित्येकदा त्याहून जास्त, उपयोग ॲन्टेना उंचावर नेण्याचा होतो. उदाहरणार्थ, मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झाले तेव्हा पुण्याच्या आड सह्याद्री होता. १९७३ मध्ये सिंहगडावर सहक्षेपण केंद्र उभे राहिले आणि प्रश्न सुटला. एकेकाळी गावोगावच्या कौलांवर दिसणारा ॲल्युमिनियमच्या दांड्यांचा ॲन्टेना यागी व उदा या जपानी अभियंत्यांच्या १९२६ मधील रचनेचा. मागचा दांडा थोडा लांब, पुढचे आखूड. सगळी ग्रहणशक्ती एका दिशेला. वाऱ्याने किंवा कावळ्याने तो फिरला, की पडद्यावर मुंग्या येत.

८७.५ ते १०८ मेगाहर्ट्‌झ हा एफएम रेडिओचा भाग. विजेची खरखर मुख्यतः लहरीच्या आयामात मिसळते. एफएममध्ये आवाज वारंवारतेच्या बदलात असल्याने ती गाळता येते. ही विस्तृत पट्ट्याची पद्धत अमेरिकी अभियंते आर्मस्ट्राँग यांची, पेटंट १९३३ चे. भारतात तिची सुरुवात १९७७ मध्ये मद्रासला झाली.

त्याच्या वरच्या १०८ ते १३७ मेगाहर्ट्‌झच्या भागात विमानवाहतूक. इथे मात्र मुद्दाम जुने आयाम-विरूपणच (एएम) ठेवले आहे. एफएमचा ग्राहक दोन संदेशांपैकी जोरकस तेवढा ऐकवतो, दुबळा गिळून टाकतो. आयाम-विरूपणात दोन वैमानिक एकदम बोलले तर सहसा शिट्टीसारखा आवाज येतो. नियंत्रकाला निदान कळते की आणखी कोणी बोलत होते. आणीबाणीची वारंवारता १२१.५.

समुद्रावरचा व्हीएचएफ १५६ मेगाहर्ट्‌झच्या आसपास सुरू होतो. त्यातला चॅनल १६, म्हणजे १५६.८, हाक मारण्यासाठी आणि संकटासाठी. शिष्टाचार असा, की इथे हाक द्यायची, समोरच्याने ओ दिली की दोघांनी दुसऱ्या चॅनलवर जायचे. चॅनल ७० वर बोलायचे नाही : तो बटण दाबताच जाणाऱ्या अंकीय संकटसंदेशासाठी राखीव आहे. जहाजाचे नाव, जागा व वेग आपोआप कळवणारी एआयएस यंत्रणाही याच पट्ट्यात, १६१.९७५ आणि १६२.०२५ वर.

हौशी रेडिओचालकांना भारतात १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झ मिळतात. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून १४५.८ वर होणारे बोलणे साध्या हातसंचावरही ऐकू येते, कारण माथ्यावरच्या स्थानकाच्या आड ना डोंगर ना क्षितिज.

दृष्टिपथाचा नियम कधी कधी मोडतो. समुद्रावर थंड दमट हवेवर उष्ण कोरड्या हवेचा थर बसला, की लहरी तो थर आणि समुद्र यांच्यामध्ये अडकून पृष्ठभागालगत दूरवर जातात. अरबी समुद्र यासाठी प्रसिद्ध आहे. दुसऱ्या महायुद्धात मुंबईजवळच्या २०० मेगाहर्ट्‌झच्या रडारवर हजार किलोमीटरहून दूरच्या अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी उमटत.